एड्सचा आलेख कसा वाचावा?



दरवर्षी १ डिसेंबर जवळ आला की एनएसएसची मुलं हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर लाल रिबिनीचं पोस्टर लावतात. त्यावर एक मोठा आकडा असतो. नव्या पोस्टरवर होता २५ लाख. शेजारी कधीचं तरी जुनं, अर्धवट फाटलेलं पोस्टर अजून चिकटून होतं. त्यावर २४ लाख. सेकंड इयरचा एक विद्यार्थी मला पोर्चमध्ये गाठून म्हणाला, "सर, सरकार एवढा खर्च करतं, एवढी पोस्टरं लागतात, आणि आकडा तर वाढतोच आहे की! मग उपयोग काय?"

प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. मी काही डॉक्टर नाही. ई अँड टीसीला सिग्नल्स अँड सिस्टिम्स शिकवतो, त्यामुळे आलेख दिसला की त्याचे अक्ष आधी बघायची सवय लागली आहे. संपादक मंडळाने लेख मागितलाच होता, म्हटलं याच विषयावर लिहू. भारतातला एड्सचा आलेख म्हणजे आपल्या सिलॅबसचं निम्मं सेमिस्टर आहे! डिले आहे, कॅलिब्रेशन एरर आहे, सॅम्पलिंग आहे, आणि एकदा तर रीडिंग एका रात्रीत निम्म्यावर आलेलं आहे.

आधी थोडा इतिहास. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या साथरोग खात्याच्या साप्ताहिकात लॉस एंजलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद छापून आली. एड्सची ही पहिली अधिकृत नोंद. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये विषाणू सापडला (त्याबद्दल फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्यूक माँटेनिए यांना २००८ चं नोबेल मिळालं). आपल्याकडे तेव्हा सर्वसाधारण समज असा होता की हा पाश्चात्त्यांचा रोग, आपल्या संस्कृतीत तो येणारच नाही. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले. मद्रासमध्ये तपासणीची सोय नव्हती, म्हणून नमुने वेल्लोरला नेले. त्यातले काही पॉझिटिव्ह निघाले आणि संस्कृतीचा मुद्दा तिथेच संपला. त्याच वर्षी मुंबईत एड्सचा पहिला रुग्णही नोंदला गेला. १९८७ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नाको स्थापन झाली. इथपर्यंतचा इतिहास कुठल्याही जनरल नॉलेजच्या पुस्तकात मिळेल, म्हणून जास्त लांबवत नाही.

आता मुख्य विषय. पोस्टरवरचा २५ लाख हा आकडा नेमका कशाचा? इथेच बहुतेकांची गल्लत होते. आपण हॉस्टेलच्या गच्चीवरची पाण्याची टाकी घेऊ. टाकीत वरून पाणी येतं, ती 'वर्षभरातली नवीन लागण'. खालून पाणी जातं, ते 'वर्षभरातले मृत्यू'. आणि टाकीतली पातळी म्हणजे 'आज एचआयव्हीसह जगणारे एकूण लोक'. पोस्टरवर नेहमी पातळी लिहिलेली असते. पातळी वाढली म्हणजे वरचा नळ मोठा झाला असं कुणी म्हणेल का? खालचा कॉक आवळला तरीही पातळी वाढतेच. फर्स्ट इयरचा डिफरन्शियल इक्वेशनचा पहिला प्रॉब्लेम हाच असतो.

नाकोच्या २०२३ च्या अंदाजाप्रमाणे देशात २५.४४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते. त्या वर्षात नवीन लागण झाली सुमारे ६८ हजार जणांना आणि एड्सशी संबंधित मृत्यू झाले सुमारे ३६ हजार. याच अंदाजानुसार २०१० च्या तुलनेत नवीन लागण ४४ टक्क्यांनी कमी झाली आणि मृत्यू ७९ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे वरचा नळ जवळजवळ निम्मा बंद झाला, पण खालचा कॉक त्याहून कितीतरी जास्त आवळला गेला. मग पातळी वाढणार नाही तर काय होणार? त्या विद्यार्थ्याला 'आकडा वाढला' म्हणून जे अपयश वाटलं, त्यात मोठा भाग आहे तो न मेलेल्या माणसांचा.

हे मी जरा जोर देऊन लिहितोय त्याला कारण आहे. माझी मामी त्या २५ लाखांतली एक आहे. (तिला विचारूनच लिहितोय. "नाव नको घालू, बाकी लिही" म्हणाली.) मामा ट्रकवर होता. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. सांगलीहून गूळ आणि हळद घेऊन गुजरातपर्यंत जायचा. २००३ च्या पावसाळ्यात तो गेला, तेव्हा मी अकरावीत होतो. शेवटच्या महिन्यात एका खासगी दवाखान्यात नेलं, तर फाईल उघडून बघितल्यावर 'बेड शिल्लक नाही' असं सांगितलं. बेड दारातून दिसत होते. गावात सगळ्यांना सांगितलं टीबीने गेला. दाखल्यावरही क्षयरोगच लिहिला आहे, आणि तसं बघितलं तर ते खोटंही नाही, कारण आपल्या देशात एड्सच्या रुग्णाला शेवटी गाठतो तो बहुधा टीबीच. पण त्या वर्षीच्या एड्सच्या मृत्यूंच्या नोंदीत मामा नाही. त्याच्यासारखे किती नसतील!

सरकारने मोफत एआरटी औषधं सुरू केली ती १ एप्रिल २००४ ला, देशभरातल्या आठ सरकारी हॉस्पिटल्समध्ये. मुंबईचं जे. जे. त्यात होतं. म्हणजे मामाच्या जाण्यानंतर नऊ-दहा महिन्यांनी. औषधं आधीही होतीच. १९९६ पासून तीन औषधांचा एकत्रित उपचार जगात सुरू झाला होता, पण त्याचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दराने देऊ केला आणि जगभर खळबळ उडाली. त्या भावातही ते तेव्हाचे सोळा हजार रुपये होतात. मुंबईच्या कंपनीने आफ्रिकेला स्वस्त केलेलं औषध सांगली जिल्ह्यातल्या ट्रक ड्रायव्हरच्या घरापर्यंत पोचायला अजून काही वर्षं लागली. मामीपर्यंत मात्र ते पोचलं. ती आज रात्री जेवण झालं की एक गोळी घेते, एसटीने जाऊन एआरटी सेंटरमधून पुढचा साठा आणते आणि नातवाला शाळेत सोडते. दरवर्षी १ डिसेंबरला पोस्टरवरच्या आकड्यात ती पुन्हा मोजली जाते. दरवर्षी मोजली जावी अशी माझी इच्छा आहे.

असो. पुन्हा आलेखाकडे वळू.

नव्वदच्या दशकात पेपरात 'एड्सचे रुग्ण' असा आकडा यायचा. हा टाकीतल्या पातळीपेक्षा वेगळा. एचआयव्हीची लागण होणं आणि एड्स होणं यांत, औषधं नसतील तर, सरासरी आठ-दहा वर्षं जातात. कुणाला पाच, कुणाला पंधरा. सिग्नल्सच्या भाषेत सांगायचं तर लागण हा इनपुट, एड्सचे रुग्ण हा आउटपुट, आणि मधली सिस्टिम दहाएक वर्षांचा पसरट डिले देणारी. आउटपुट म्हणजे इनपुटचं कन्व्होल्यूशन. अमेरिकेत नवीन लागण १९८४-८५ च्या सुमारास शिखरावर होती, पण एड्स रुग्णांची संख्या नव्वदच्या सुरुवातीपर्यंत चढतच होती. ज्या वर्षी पेपरवाले 'एड्सचा उद्रेक' लिहीत होते, त्या वर्षी प्रत्यक्षात नवीन लागण कमी झालेली होती. आणि उलटंही होतं. १९८६ साली भारतात एड्सचे रुग्ण हाताच्या बोटावर मोजण्याइतके होते, म्हणून सगळे निर्धास्त होते. इनपुट मात्र तेव्हाच सुरू झालेला होता.

आउटपुटवरून इनपुट काढायचा म्हणजे डीकन्व्होल्यूशन. ब्रुकमेयर आणि गेल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ऐंशीच्या दशकात नेमकं हेच केलं, त्याला 'बॅक कॅल्क्युलेशन' म्हणतात. टीईच्या मुलांना माहीतच आहे की डीकन्व्होल्यूशनमध्ये नॉइज किती वाढतो. शेवटच्या चार-पाच वर्षांचं उत्तर तर जवळजवळ हवेतच असतं, कारण त्यांचा आउटपुट अजून आलेलाच नसतो.

शिवाय रुग्णांची नोंद ही मोजणाऱ्यावर अवलंबून. जुलै २००५ अखेर देशात एड्सचे एकूण सुमारे १ लाख ११ हजार रुग्ण नोंदले गेले होते. त्यातले ५२ हजारांवर एकट्या तामिळनाडूत, आणि महाराष्ट्रात १४ हजारांच्या आत! तामिळनाडूत रोग महाराष्ट्राच्या चौपट होता असं कुणीही जाणकार म्हणणार नाही. तामिळनाडूने नोंद नीट ठेवली, एवढाच त्याचा अर्थ. उत्तरेकडच्या काही मोठ्या राज्यांचे आकडे बघून तर तिथे एड्स पोचलाच नाही असं वाटावं. जिथे मीटरच बसवला नाही तिथे रीडिंग शून्यच येणार.

आणि मोजमापाची व्याख्याच बदलली तर? अमेरिकेत १९९२ साली एड्सचे सुमारे ४९ हजार नवे रुग्ण नोंदले गेले, १९९३ साली एकदम १ लाख ३ हजारांवर. रोग एका वर्षात दुप्पट झाला का? १ जानेवारी १९९३ पासून त्यांनी व्याख्या रुंद केली. एचआयव्हीबाधिताच्या रक्तातल्या सीडी-४ पेशी २०० च्या खाली गेल्या की त्याला एड्सचा रुग्ण धरायचं ठरलं, आणि फुप्फुसाचा टीबी, गर्भाशयमुखाचा कॅन्सर वगैरे आजार यादीत आले. तो उंच खांब म्हणजे त्या वर्षी बदललेली फूटपट्टी. आलेखाखाली बारीक अक्षरात टीप असते, ती वाचायची सवय लावा. वायवाला मी विचारतोच.

आता भारतातली सगळ्यात मोठी भानगड, म्हणजे २००७ सालची.

नोंदींवर विसंबता येत नाही म्हणून १९९८ पासून देशभर 'सेंटिनल सर्व्हेलन्स' नियमित सुरू झालं. पद्धत अशी की ठरावीक सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर स्त्रियांचे, ओळीने आलेल्या ४०० जणींचे रक्तनमुने नाव न लावता तपासायचे. गरोदर स्त्रिया कशासाठी? तर त्या सर्वसाधारण समाजाच्या प्रतिनिधी धरल्या जातात आणि त्यांचं रक्त एरवीही तपासायचंच असतं. त्याशिवाय गुप्तरोगाचे दवाखाने, वेश्यावस्त्या, सुईने नशा करणारे अशा गटांचीही वेगळी केंद्रं.

इथे जरा गणित करून बघू. समजा एखाद्या जिल्ह्यात खरं प्रमाण १ टक्का आहे. ४०० नमुन्यांत अपेक्षित पॉझिटिव्ह ४, आणि स्टँडर्ड डेव्हिएशन जवळजवळ २. म्हणजे एका वर्षी ३ आल्या आणि पुढच्या वर्षी ६, तर 'जिल्ह्यात एड्स दुप्पट' अशी हेडलाइन होणार, आणि प्रत्यक्षात काहीच बदललेलं नसणार. आता तर प्रमाण खूप खाली आलं आहे. २०१९ मध्ये देशभरातल्या गरोदर स्त्रियांत ते ०.२४ टक्के निघालं. त्या हिशेबाने ४०० मध्ये जेमतेम एक. एकही न सापडण्याची शक्यता शंभरात अडतीस! म्हणून एकेका केंद्राचा आकडा घेऊन भांडण्यात अर्थ नसतो, शेकडो केंद्रं एकत्र केली तरच काही बोलता येतं.

या पद्धतीने येणारा अंदाज वाढत वाढत २००५ साली ५२ लाखांवर गेला. संयुक्त राष्ट्रांच्या यूएनएड्सने २००६ च्या अहवालात ५७ लाख म्हटलं आणि भारत दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून जगात पहिला झाला. त्याआधी सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इंटेलिजन्स कौन्सिलने तर २०१० पर्यंत भारतात दोन ते अडीच कोटी बाधित असतील असं भाकीत केलं होतं. त्या काळात ज्याने पेपर वाचला त्याला आठवत असेल, वातावरण असं होतं की आता देशच बुडतो.

आणि ६ जुलै २००७ ला आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास यांनी जाहीर केलं, देशात एचआयव्हीबाधित आहेत सुमारे २५ लाख. निम्म्याहून कमी!

काहींनी म्हटलं सरकारने आकडे दाबले. काहींनी म्हटलं परदेशी पैसा मिळावा म्हणून आधी फुगवले होते. माझ्या मते दोन्ही आरोप घाईचे होते. झालं असं की २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदाच घरोघर जाऊन एक लाखाहून जास्त स्त्री-पुरुषांचं रक्त तपासलं गेलं. १५ ते ४९ वयोगटात प्रमाण निघालं ०.२८ टक्के. (घरोघर म्हणजे घरोघरच. आपल्यासारखे हॉस्टेलवाले, तुरुंगातले, फुटपाथवरचे लोक त्यात येत नाहीत, म्हणून अंतिम अंदाजात ते थोडं वर धरलं, ०.३६ टक्के.) त्याच वर्षी सेंटिनल केंद्रंही वाढवून ११२२ केली गेली. आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यात डॉ. ललित दांडोना आणि सहकाऱ्यांनी असाच घरोघरचा अभ्यास केला होता. त्यातून आलेली बाधितांची संख्या सेंटिनल पद्धतीच्या निम्म्याहून कमी होती. का? तर मोठ्या सरकारी हॉस्पिटलमध्ये येतात त्या जास्त करून गरीब घरच्या स्त्रिया, आणि खासगी दवाखान्यात एचआयव्ही निघाला की त्या बाईला सरकारीत पाठवून दिलं जायचं. थोडक्यात, जिथे मोजमाप चालू होतं तिथेच बाधितांना ढकललं जात होतं. मामाला 'बेड नाही' म्हणणाऱ्या दवाखान्यासारखे दवाखाने देशाच्या आकडेवारीतही असे घुसले होते!

आणखी एक गोष्ट. यूएनएड्सने ५७ लाखांसोबत एरर बारही दिला होता, ३४ ते ९४ लाख. नव्या अंदाजाचा एरर बार होता २० ते ३१ लाख. दोन्ही बार एकमेकांना कुठेही शिवत नाहीत. म्हणजे इतका ऐसपैस बार देऊनही उत्तर त्याच्या बाहेर निघालं. कारण एरर बार सांगतो तो रँडम एरर. व्हर्नियरचा झीरो एरर त्यात येत नाही. शंभर रीडिंग घ्या की हजार, झीरो एरर सरासरीत जात नाही. मेकॅनिकलची मुलं फर्स्ट इयरला हे जर्नलमध्ये लिहितात आणि नंतर विसरतात.

तेव्हापासून एक चांगली प्रथा पडली. प्रत्येक नव्या फेरीत नवी माहिती घालून मागच्या सगळ्या वर्षांचा आलेख पुन्हा काढला जातो. त्यामुळे गंमत अशी होते की भूतकाळ बदलतो. २०१७ च्या अहवालात लिहिलं होतं की देशातलं प्रमाण २००१-०३ मध्ये ०.३८ टक्के होतं, ते शिखर. २०१९ च्या अहवालाप्रमाणे शिखर २००० साली होतं आणि ०.५४ टक्के. तीच माणसं, तीच वर्षं. तसंच २०१७ च्या अहवालात त्या वर्षी २१.४० लाख बाधित आणि २०१९ च्या अहवालात २३.४९ लाख. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'दोन वर्षांत दोन लाखांनी वाढ' असं लिहिणं म्हणजे मीटरची एक बाजू पट्टीने आणि दुसरी टेपने मोजण्यासारखं आहे. आपल्या नोटीस बोर्डवर शेजारी लागलेल्या दोन पोस्टरांचंही तेच. तुलना करायची तर एकाच फेरीच्या आत करायची. आणि कुठलीही फेरी घ्या, वक्राचा आकार एकच निघतो. २००० च्या आसपास शिखर, मग उतार, आणि गेली काही वर्षं तो उतार सपाट होत चाललेला.

उतार का आला? याचं श्रेय एका कुणाला देणं कठीण आहे. रक्ताची तपासणी १९८९ पासून सक्तीची झाली, १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांवर बंदी आली, त्यामुळे तो रस्ता जवळजवळ बंद झाला. पण मोठा फरक पडला तो मला वाटतं वेश्यावस्त्यांत. कोलकात्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ पासून त्या बायकांनाच कार्यकर्त्या केलं. गिऱ्हाइकाने काँडोम नाकारला तर गल्लीतली कुणीच त्याला घेणार नाही, अशी एकजूट. नव्वदच्या दशकात मुंबईत या स्त्रियांमधलं प्रमाण निम्म्याच्या वर गेलं असताना सोनागाचीत ते त्याच्या कितीतरी खाली राहिलं. आपल्याकडे सांगलीत 'संग्राम' आणि वेश्या स्त्रियांच्या 'व्हॅम्प' या संघटनेने तोच मार्ग धरला. ज्यांना समाज रोगाचं मूळ म्हणत होता त्यांनीच वरचा नळ आवळला, हे आमच्या जिल्ह्यात अजूनही लोकांना पटत नाही. देशपातळीवर या स्त्रियांतलं प्रमाण २००३ मध्ये १० टक्क्यांच्या आसपास होतं, २०११ मध्ये २.६७ आणि २०१७ मध्ये १.५६ टक्के. (शंका घ्यायचीच तर इथेही घ्यावी. जुन्या बाधित स्त्रिया मरण पावल्या आणि नव्या मुली आल्या तरी टक्केवारी घटते. पण १५ ते २४ वयाच्या गरोदर मुलींमध्येही दक्षिणेत २००० ते २००४ या काळात प्रमाण १.७ वरून १.१ टक्क्यावर आलं होतं. इतक्या तरुण वयात लागण अलीकडचीच असते, म्हणून हा पुरावा मी जास्त वजनाचा मानतो.)

आता नकाशा बदलतो आहे. एकूण बाधितांच्या संख्येत महाराष्ट्र अजून पहिला, २०२१ च्या अंदाजात ३.९४ लाख. पण प्रमाण बघाल तर महाराष्ट्रात ०.३३ टक्के आणि मिझोरममध्ये २.७० टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीच्या तेरापट. नागालँड, मणिपूरही वरच आहेत. तिथे सुईने घेतल्या जाणाऱ्या नशेचा भाग मोठा आहे. सुईने नशा करणाऱ्यांमध्ये देशभरात २०१७ साली ६.२६ टक्के प्रमाण होतं, २०२१ साली ९.०३. हा आलेख वर जातोय, आणि ही पोरं तुमच्याच वयाची आहेत. ट्रक ड्रायव्हर आणि रेड लाइट एरिया या जुन्या चित्रावर नजर ठेवून बसलं तर हे दिसणार नाही.

जागतिक उद्दिष्ट आहे ९५-९५-९५. म्हणजे बाधितांपैकी ९५ टक्क्यांना आपली लागण माहीत असावी, त्यातल्या ९५ टक्क्यांना औषध सुरू असावं, आणि त्यातल्या ९५ टक्क्यांच्या रक्तात विषाणू दबलेला असावा. भारताचे २०२३-२४ चे आकडे आहेत ८१, ८८, ९७. कॅस्केडमधल्या तीन स्टेजचा एकूण गेन काढायचा तर गुणाकार करा : ०.८१ × ०.८८ × ०.९७, उत्तर येतं सुमारे ०.६९. तिसरी स्टेज उत्तम आहे, औषध घेणाऱ्यांना औषध लागू पडतं. ज्यांचा विषाणू इतका दबलेला आहे की तपासणीत दिसत नाही, त्यांच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हेही आता पक्कं सिद्ध झालं आहे. गळती आहे ती पहिल्या स्टेजला. शंभरातल्या एकोणीस जणांना, म्हणजे देशात पावणेपाच लाखांच्या आसपास लोकांना, आपल्याला लागण आहे हेच माहीत नाही.

असिस्टंट रेक्टर असल्यामुळे रात्री दहानंतर माझ्या दारावर कधी कधी टकटक होते. मुलगा आधी पाच मिनिटं फॅन बंद आहे, गीझर बिघडलाय वगैरे सांगतो आणि मग खाली बघत विचारतो, "सर, ती टेस्ट कुठे होते? घरी कळतं का?" एकेकाला सांगण्यापेक्षा इथेच लिहितो. सरकारी हॉस्पिटलमध्ये आयसीटीसी नावाचं केंद्र असतं. तिथे तपासणी मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो. घरी कळत नाही, कॉलेजला कळत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करणं, संमतीशिवाय कुणाचा रिपोर्ट उघड करणं आणि या कारणावरून नोकरी, शिक्षण, उपचार किंवा राहण्याची जागा नाकारणं, सगळं बेकायदेशीर आहे. यात हॉस्टेलची रूम आली, मेसमधला कर्मचारीही आला. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, त्याला विंडो पीरियड म्हणतात, तेव्हा समुपदेशकाने पुन्हा बोलावलं तर पुन्हा जायचं. त्याच कारणासाठी, स्वतःबद्दल शंका असेल तर रक्तदान शिबिराचा उपयोग टेस्टसाठी करू नका. तिथलं रक्त तुमच्यानंतर दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात जातं. आणि समोरासमोर विचारायला संकोच वाटत असेल तर १०९७ हा टोल फ्री नंबर आहे. मराठीतही बोलतात.